वरून गेली आहे

पहिला ट्रेनर अकरा दिवस चालला.
मग बेअरिंग कण्हू लागलं,
गिरणीत रात्रभर कोंडलेल्या मांजरासारखं.
दुसऱ्याचा बेल्ट घसरायचा
नेमका दोनशे वॉटच्या पुढे,
म्हणजे आचल जिथून खरी सुरू होते तिथे.
तिसरा खोक्यातून निघालाच मेलेला.
हिरव्या दिव्यानं एकदा डोळा मारला,
संपलं.

कुरिअर सिंदेवाहीच्या पुढे येत नाही.
एकवीस किलोचं धूड
मोटारसायकलच्या टाकीवर धरून आणायचं,
पाठीमागे बांधून परत न्यायचं.
नाक्यावरचा फॉरेस्ट गार्ड गेडाम विचारायचा,
"का जी मोहुर्ले, पुन्हा माहेरी चालली का हे?"

बाहेर चालवायची सोय नाही.
तलावाच्या पाळीवर मार्चपासून वाघीण आहे,
दोन पिल्लं आहेत,
सकाळी सातच्या आत, सांजच्या पाचनंतर
रस्त्यावर कोणी दिसू नये असा फलक आहे.
आणि सात ते पाच ऊन आहे.
म्हणून पोरगी न्हाणीशेजारच्या खोलीत
तणसाच्या वासात, कूलरसमोर,
जागच्या जागी नागभीडला जाऊन येते.

कंपनीची मुलगी फोनवर गोड बोलते.
"सर, तुमच्याकडे वीजपुरवठा स्थिर असतो का?"

सव्वीस वर्षं लाईनमन आहे मी.
नऊ गावं, एकतीस डीपी
आणि एक वाक्य:
वरून गेली आहे.
मांडवात, दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री,
दवाखान्याच्या दारात
तेच, खर्रा थुंकावा तसं.

"स्थिर असतो, मॅडम."

तक्रार क्रमांक मिळाला.
तो मी त्याच डायरीत लिहिला
जिच्यात गावाच्या तक्रारी लिहून
मी पान उलटतो.

चौथा आला. बेल्ट बरा, बेअरिंग मुकं.
नवव्या रात्री पंखे पिसाटले,
बल्ब दुधासारखे पांढरे झाले,
आणि खोलीतून जळक्या बोर्डाचा वास.
आचल उतरली नाही.
तिचे पाय फिरत राहिले
चढ निघून गेलेल्या चाकावर.
"बाबा, न्यूट्रल तुटला ना?"

शाळेमागच्या डीपीचा.
डिसेंबरात पाहून ठेवला होता मी,
सैल, पांढरी बुरशी धरलेला.
करू, म्हटलं होतं.

निकुरे गुरुजींचा फ्रीज गेला,
शेंड्यांचा टीव्ही, डेअरीतलं फॅट मोजायचं यंत्र.
सगळे माझ्या अंगणात.
आणि माझं वाक्य जिभेवर तयार,
सवयीचं, गुळगुळीत.

"वरून नाही," मी म्हणालो.
"इथूनच गेली. माझ्याकडून."

कोणी शिवी दिली नाही, तेच अवघड गेलं.
शेंड्यांची म्हातारी तेवढी म्हणाली, "मंग आता?"

मग आता पहाटे पावणेपाचला
परमिट घेऊन, डीओ पाडून,
गेडामच्या हाती टॉर्च देऊन चढलो.
क्लॅम्प घासला, नवा लग बसवला,
मनगटाला कळेपर्यंत आवळला.
पाळीकडे टिटवी ओरडली.
गेडामचा टॉर्च हलला, माझा पाना नाही.
"हात चालवा जी," तो खालून म्हणाला,
"मले लेकरं हायेत."

बोर्ड वॉरंटीत बसत नाही.
"वीजपुरवठ्यामुळे झालेलं नुकसान आहे, सर."
"बरोबर आहे," मी म्हणालो.
पलीकडे मुलगी थांबली.
पुढचं वाक्य तिच्याकडे लिहिलेलं नसावं.

राईस मिलचा फिटर दसरू
बोर्ड उपटून, चुंबकाला दोरी बांधून गेला.
वॉट नाहीत आता, पडद्यावरचे डोंगर नाहीत.
मी ड्यूटीवरून येतो, स्टूल ओढतो.
आचल घाम पुसत म्हणते, "बाबा, चढ."
मी दोरी खेचतो.
ती दात खाते, उभी राहते पेडलवर.
"अजून."

चारेक दिवसांपासून कुठून तरी
बारीक कण्हणं सुरू झालंय.
ती माझ्याकडे बघत नाही.
मी दोरी सोडत नाही.